खडीच्या रस्त्यावरची चाकं : ल्युसिंडा विल्यम्सचा अल्बम कसा ऐकावा

इंग्रजी नीट कळत नाही म्हणून हा अल्बम बाजूला ठेवू नका. हे आधीच सांगतो, कारण बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या साउंडच्या दुकानात ज्यांना ज्यांना तो ऐकवला, त्यांतल्या निम्म्यांनी पहिल्या मिनिटाला हीच अडचण सांगितली. आपण सीमाभागातली माणसं. न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं ऐकत मोठं होण्याची सवय आपल्याइतकी कुणाला असणार? ती सवयच इथं कामाला येते.

अल्बमचं नाव ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’. गायिका आणि गीतकार ल्युसिंडा विल्यम्स, जन्म १९५३, अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या लेक चार्ल्स गावची. अल्बम १९९८च्या जूनअखेरीस आला. १३ गाणी, सगळी मिळून जेमतेम बावन्न मिनिटं. पुढच्या वर्षी त्याला समकालीन लोकसंगीताचं ग्रॅमी मिळालं. मला तो १९९९ साली मडगावात भेटला. एका लग्नाला साउंड घेऊन गेलो होतो, तिथल्या कीबोर्डवाल्यानं कॅसेट हातात ठेवली आणि म्हणाला, परत जाताना चोर्ला घाटात लाव. कणकुंबीच्या अलीकडं पाऊस लागला. पुढं जांबोटीपर्यंत मी कॅसेट दोनदा उलटी-सुलटी केली होती.

आधी सामानाचं बोलतो, माझा धंदाच तो आहे. मोबाईलच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. त्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत, बेस गिटार आणि ड्रमचा पायाचा ठोका गायब होतो आणि उरतो तो नुसता चिरका आवाज. साधे वायरवाले इयरफोन चालतील. दोन स्पीकर असतील तर कानाच्या उंचीवर ठेवा आणि दोघांपासून सारख्या अंतरावर बसा. इक्वलायझर सपाट. मिरवणुकीच्या सवयीनं आपण बेस चढवतो, इथं तसं करू नका. या अल्बमचा जीव मिडमध्ये, म्हणजे मधल्या सुरांत आहे. गळा, गिटारीची तार आणि त्या तारेवरून घसरणारी नळी, सगळं तिथंच घडतं. आवाज इतकाच ठेवा, की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला तुम्हाला ओरडावं लागू नये.

आणि तिचा गळा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो थकलेला वाटतो. शब्द ती ओढून, किंचित उशिरा टाकते, शेवटचं अक्षर कधी कधी गिळते. गोड गळ्याच्या अपेक्षेनं ऐकाल तर दोन गाण्यांत उठाल. पण आपण धारवाड-हुबळीच्या शेजारी राहतो. गंगूबाई हनगलांच्या आवाजाला पहिल्यांदा दचकलेला आणि मग आयुष्यभर त्याच आवाजाकडं परत गेलेला माणूस आपल्याकडं गल्लोगल्ली सापडेल. तोच कान इथं लावा. गळ्याची खरड हा दोष मानू नका. ती काय सोसून आली आहे ते त्या खरडीतच ऐकू येतं.

आता सुरुवात. पहिल्या गाण्यापासून नको, दुसऱ्यापासून करा. अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून पडलं ते हे गाणं. शब्द समोर घेऊ नका, नेटवर शोधू नका. तीनदा नुसतं ऐका.

असं का म्हणतो, ते सांगतो. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. दर तीन-चार वर्षांनी बदली. कणकुंबी, मग गुंजी, मग नंदगड. आईचं माहेर बैलहोंगलकडचं, कन्नड बोलणारं. सामान हलवायला मामा यायचा. टेम्पोत पुढं ड्रायव्हर, मामा आणि मांडीवर धाकटीला घेतलेली आई. मागं ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, पितळी हंडा, आणि त्यांच्यामध्ये मी. गुंजीला गेलो तेव्हा मी पाच वर्षांचा असेन. पोरांना कळू नये असं काही असलं की आई आणि मामा कन्नडात बोलायचे. पुढून ती गुणगुण यायची, खालून खडी कडकड वाजायची. मला समजायचे ते दोनच शब्द, ‘होगली बिडु’. जाऊ दे, सोडून दे. काय सोडून द्यायचं होतं ते मला कुणी सांगितलं नाही. पण आई रडून गेलेली आहे आणि आता रडत नाही, एवढं तिच्या आवाजावरून कळत होतं.

ल्युसिंडाचं गाणं हेच आहे. तीनदा ऐकून झालं की मग शब्द वाचा, आणि बघा, कानानं आधीच काय काय ओळखलं होतं. जॉर्जिया राज्यातल्या मेकनमधल्या एका घराचं स्वयंपाकघर. रेडिओवर लोरेटा लिन गाते आहे. कॉफी, अंडी, बेकनचा वास. दार आपटल्याचा आवाज. मोठ्या माणसाची ताकीद, सांगितलं तेवढं कर. मग गाडी निघते, तारांचे खांब आणि झाडं मागं पळतात, कापसाची शेतं संपत नाहीत, पुढच्या सीटवरून हलक्या आवाजातल्या गोष्टी येत राहतात. आणि अगदी शेवटी, मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं एक मूल, तोंडावर माती आणि आसवं एकत्र झालेली. घर का सोडलं, भांडण कशावरून झालं, गाण्यात कुठंही नाही. पोराला जेवढं दिसलं-ऐकू आलं तेवढंच आहे. प्रत्येक कडव्यानंतर परत तीच ओळ येते, खडीवरची चाकं. दर वेळी कुणीतरी येतंय की जातंय, हे ज्यानं त्यानं ठरवायचं.

तिचे वडील मिलर विल्यम्स हे कवी आणि कॉलेजातले प्राध्यापक. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला त्यांनी स्वतःची कविता वाचली होती. पण ल्युसिंडा लहान असताना त्यांची नोकरी फिरतीची होती. दक्षिणेतली गावं तर झालीच, काही काळ मेक्सिको सिटी आणि चिलीतलं सँटियागोसुद्धा. आपल्या भाषेत या गाण्याची किल्ली एका शब्दात आहे. बदली. ज्यांच्या घरात बदलीची नोकरी होती, त्यांना पुढचं सगळं मी न सांगता कळेल. नॅशव्हिलमध्ये तिनं हे गाणं म्हटलं तेव्हा वडील समोर बसलेले होते. नंतर ते तिच्याजवळ आले आणि म्हणाले, मला माफ कर. तिला कळेना कशाबद्दल. ती मागच्या सीटवरची पोर तूच आहेस, असं त्यांनी तिला सांगितलं. लिहिताना तिला स्वतःला ते उमगलं नव्हतं.

ही हकीकत वाचली त्या रात्री मी वडिलांना दुकानात बोलावून घेतलं. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या घरात. गाणं लावलं, कडव्यामागून कडवं मराठीत सांगत गेलो. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “गुंजीला पावसाळ्याच्या तोंडावर गेलो होतो आपण. तू हंडा धरून बसला होतास.” एवढंच. मी हंड्याचं त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. ते टेम्पोच्या मागून सायकलवर येत होते.

यानंतर सहावं गाणं घ्या, ‘लेक चार्ल्स’. हे मेलेल्या सोबत्यासाठी म्हटलेलं आहे. पिवळी गाडी, त्यात हाऊलिन वुल्फच्या ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लोकगाण्याच्या टेपा, लांब रस्ते. त्यातली एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसानं थांबून ऐकण्यासारखी आहे. तो माणूस जन्मला टेक्सासमधल्या नॅकडोशसला, सीमेपासून फार लांब नाही असं ल्युसिंडा गाण्यातच सांगते. पण तो सगळ्यांना सांगायचा, मी लेक चार्ल्सचा. माझ्याकडं काम करणारा पोरगा चंदगड तालुक्यातला. रेशनकार्ड महाराष्ट्राचं, जिल्हा कोल्हापूर. पुण्यात कुणी विचारलं, कुठला रे, तर पटकन म्हणतो, बेळगावचा. बाजार इथला, दवाखाना इथला, पहिला सिनेमा इथला. त्याच्या डोक्यातलं घर इथं आहे. जन्मगाव एक आणि मनातलं गाव दुसरं असणाऱ्या माणसाला मरताना कुठं जावंसं वाटत असेल, या एका प्रश्नाभोवती हे गाणं फिरतं. हे मध्येच थांबवू नका, फोन आला तर वाजू द्या.

त्याच्या आधीचं, पाचव्या नंबरचं ‘काँक्रीट अँड बार्ब्ड वायर’. दोघांच्या मधली भिंत, नुसत्या सिमेंटची आणि काटेरी तारेची. सीमाभागात हे गाणं समजावून सांगायची गरज नाही. त्यातलं अकॉर्डियन तेवढं नीट ऐका. आपल्या पेटीचंच ते भावंड, दोन्हींत हवेवर थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या.

आता ब्लूजचं. या अल्बमला कंट्री, म्हणजे तिथल्या खेड्यापाड्यांतलं गोऱ्यांचं गाणं म्हणावं की ब्लूज, यावर लोक वाद घालतात. मला विचाराल तर हाड ब्लूजचं आहे आणि कातडं कंट्रीचं. ल्युसिंडा मेकनमध्ये लहान असताना ब्लाइंड पर्ली ब्राउन नावाचा आंधळा गायक रस्त्यावर गिटार घेऊन भजनं आणि ब्लूज गायचा. वडील तिला त्याचं गाणं ऐकायला घेऊन जायचे. पोरीच्या कानात पहिलं पडलं ते असं, रस्त्यावरचं. आपल्याकडं सौंदत्तीच्या यात्रेच्या दिवसांत चौंडकं घेऊन दारात उभी राहणारी जोगती ज्यानं लहानपणी ऐकली आहे, त्याला हा संस्कार काय असतो ते ठाऊक आहे. सूर एकच, तार एकच, तीच घुमत राहते आणि शब्द तिच्यावर चढत जातात.

म्हणून बाराव्या गाण्याला, ‘जॉय’ला, चौंडक्याच्या कानानं बसा. जवळजवळ सगळं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडलेल्या त्याच त्या सुरांवर उभं आहे. कॉर्ड बदलेल म्हणून वाट बघू नका, ती बदलत नाही. माझा आनंद तू घेतलास, मला तो परत पाहिजे, एवढंच तिचं मागणं. तो आनंद शोधायला ती वेस्ट मेम्फिसला जाणार, स्लायडेलला जाणार. ओळ परत येते, परत येते, आणि प्रत्येक वेळी मागणी थोडी कडक होते. गिटारवरची स्लाइड म्हणजे बोटात घातलेली काचेची किंवा धातूची नळी. पट्ट्यांवर बोट न दाबता ती तारेवरून सरकवतात, म्हणून एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधलं सगळं ऐकू येतं. आपण त्याला मींड म्हणतो. ब्रिजभूषण काब्रांनी याच युक्तीनं गिटारवर राग वाजवले. फरक इतकाच, की इथं सूर शेवटी स्थिरावत नाही, मुद्दाम वाकडा सोडून देतात.

इथं थोडं आडवळण घ्या. तिचा पहिला अल्बम ‘रॅम्बलिन’, १९७९ सालचा, मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी मालाको स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. त्यात तिचं स्वतःचं एकही गाणं नाही. सगळी जुनी, दुसऱ्यांची, ब्लूज आणि कंट्री शेजारी शेजारी. रॉबर्ट जॉन्सन आहे, मेम्फिस मिनी आहे, हँक विल्यम्सही आहे. एका संध्याकाळी तो ऐका. शिष्यानं आधी घराण्याच्या चिजा गळ्यावर चढवाव्यात आणि मग स्वतःचं मांडावं, तसं तिनं केलं. ते ऐकून परत इकडं आलात की १९९८ची गाणी कुठल्या मातीतून उगवली ते दिसतं.

रॉबर्ट जॉन्सन या अल्बममध्येही येतो, तिसऱ्या गाण्यात, ‘टू कूल टू बी फरगॉटन’मध्ये. या माणसानं १९३६ आणि १९३७ साली टेक्सासमध्ये २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ला सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. गिटारसाठी त्यानं सैतानाला आत्मा विकला अशी दंतकथा आहे. गाण्यात तो एका गुत्त्याच्या कोपऱ्यात बसलेला दिसतो. पण या गाण्यात मला सगळ्यात आवडतात त्या भिंतीवरच्या पाट्या. बारानंतर बिअर मिळणार नाही, भांडण करू नये, जुगार खेळू नये, उधारी मागू नये. ल्युसिंडा त्या नुसत्या वाचत जाते. आपल्या खडेबाजारातल्या एखाद्या जुन्या हॉटेलात बसून ‘आज रोख उद्या उधार’पासून सगळ्या पाट्या एका लयीत वाचून बघा. त्या पाट्यांत तिथली माणसं उभी राहतात. आणि मग पाट्या वाचता वाचता अचानक पुलावरचा एक प्रसंग येतो. तिच्या सोबतचा माणूस म्हणतो माझ्याबरोबर पाण्यात उडी मारशील का, आणि ती नाही म्हणते. आवाज जराही चढवत नाही. हे गाणं मला कळायला चार-पाच वर्षं गेली. तुम्हाला पहिल्या वेळी तुटक वाटलं तर घाई करू नका.

चौथं, ‘ड्रंकन एंजल’, ब्लेझ फोली या टेक्सासच्या गीतकारावर आहे. १९८९ साली ऑस्टिनमध्ये गोळी लागून तो मेला. बुटांना चिकटपट्टी गुंडाळून फिरणारा माणूस. गाण्यात प्रेम आहे तेवढाच राग आहे. स्वतःला असं उधळून का दिलंस, हा राग. आपल्या गावात असा एखादा पेटीवाला किंवा तबलजी प्रत्येकानं बघितलेला असतो. बघितला असेल तर तोच डोळ्यांपुढं ठेवून ऐका. दहावं ‘ग्रीनव्हिल’ रात्री ऐका. तिथं गायिका एमिलू हॅरिसचा दुसरा आवाज आहे. तो झीलकऱ्यासारखा मागून उचलत नाही, ल्युसिंडाच्या खरबरीत आवाजाला खेटून, किंचित वर, तिच्याबरोबरच चालतो. एकदा गाणं फक्त एमिलूचा आवाज धरून ऐका. सातवं ‘कान्ट लेट गो’ तिचं नाही, रँडी वीक्सचं आहे, पण पाय हलल्याशिवाय राहणार नाही. आठवं, नववं आणि अकरावं आपोआप आवडतील. पहिलं, ‘राइट इन टाइम’, मी मुद्दाम मागं ठेवलं. एकटी बाई, रात्र, आणि तिला झालेली आठवण, देहासकट. लावणी मन लावून ऐकणाऱ्या माणसांना यात अवघडायचं कारण नाही.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगायची आहे. आधीच्या ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’नंतर हा अल्बम यायला सहा वर्षं लागली. ऑस्टिनमध्ये तिचा जुना गिटारवाला गर्फ मॉरलिक्स याच्याबरोबर जवळपास सगळं रेकॉर्ड झालं होतं. मग तिनं गायक स्टीव्ह अर्लच्या एका गाण्यात साथ केली आणि तिथं स्वतःचा गळा कसा उमटलाय ते ऐकलं. तिला तोच हवा होता. म्हणून नॅशव्हिलमध्ये अर्ल आणि रे केनेडी यांच्याकडं परत सगळं केलं, आणि शेवटचा हात लॉस एंजेलिसमध्ये रॉय बिट्टनबरोबर फिरवला. मॉरलिक्सची वर्षानुवर्षांची साथ यात तुटली. लोक तिला हट्टी म्हणाले. मी पंचवीस वर्षं मिक्सरमागं उभा आहे. एखाद्या गायकानं ‘माझा आवाज असा नाही’ म्हटलं की आम्ही वैतागतो, आणि दहातल्या नऊ वेळा गायकाचंच खरं असतं. या अल्बममध्ये तिचा गळा वाद्यांच्या पुढं, कोरडा, उघडा ठेवलाय. त्यावर एको चढवला असता तर मागच्या सीटवरचं मूल हरवलं असतं.

एवढं झालं की एके दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता ऐका. शक्य असेल तर गाडीत. आमच्याकडं खानापूर-जांबोटी-कणकुंबी हा रस्ता चांगला, नाहीतर पुणे-बेंगळूर हायवे. गावांच्या नावांकडं लक्ष ठेवा. हा अल्बम गावांच्या नावांनी भरलेला आहे, आणि शेवटच्या गाण्यात, ‘जॅक्सन’मध्ये, तर नावांशिवाय फारसं काहीच नाही. लाफायेतला पोचले की मला काही वाटणार नाही, बॅटन रूज आलं की तुझ्यासाठी रडणार नाही, व्हिक्सबर्ग, आणि मग जॅक्सन. चाल एकदम साधी. घाई नाही, गाडी एकाच वेगात चालली आहे.

हे गाणं मला दोन हजार अठरापर्यंत नुसतं सुंदर वाटायचं. त्या वर्षी मुलीला कोल्हापूरला शिकायला सोडून एकटा परत येत होतो. कागल मागं पडलं, काही वाटलं नाही. निपाणीला चहा घेतला. दुकानात फोन करून दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचे बॉक्स भरायला सांगितले. संकेश्वर ओलांडलं, तेव्हाही ठीक होतो. अल्बम लावलेला होता, पण त्याकडं लक्ष नव्हतं. हत्तरगीच्या टोलनाक्यापुढं ‘जॅक्सन’ लागलं. ती गावांची नावं घेत गेली, आणि मी काकतीच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली.

तुमच्या फोनवर अल्बम संपला की आपोआप दुसऱ्या कुणाचं तरी गाणं सुरू होण्याची सोय असते. ती आधीच बंद करून ठेवा.